डेपोकाका जबान्या घेतात

डेपोकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या दारात उभे नव्हते. आमचं दार चौकटीसकट त्यांच्या अंगावर बसलं होतं. जिन्यातला उजेड गेला. खालच्या मजल्यावरचं कुत्रं एकदा भुंकलं, आणि मग आपली चूक लक्षात आल्यासारखं गप्प बसलं. "बंद पडलेलं कुठंय?" एवढंच त्यांनी विचारलं, तर मांडणीतल्या पेल्यांनी एकमेकांना घट्ट धरलं. समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी खिडकीतून घाईघाईने ओरडून सांगितलं म्हणतात, "आमचं चालू आहे!"

त्यांच्या खांद्यावर एक झोळी होती. ती त्यांनी आमच्या टेबलावर उपडी केली. त्यातून पाने, पक्कड, वायरींची भेंडोळी, औषधाच्या डबीत ठेवलेले दोन पेन ड्राइव्ह आणि एक हातोडा निघाला.

"काका, कॉम्प्युटर आहे हो," मी म्हणालो. "हातोडा कशाला?"

"वापरायला नाही. मशीनला दिसला पाहिजे."

काकांनी सारी हयात बसच्या डेपोत एंजिनांच्या पोटाखाली उताणं पडून काढली होती. निवृत्त झाल्यावर जावयाने त्यांना एक मोडका कॉम्प्युटर दिला. सासरे घरात बसून राहिले की सगळ्यांच्या गाड्या खोलतात, त्यापेक्षा हे बरं, एवढाच त्याचा हेतू. काकांनी तो कॉम्प्युटर खोलला, जोडला, चालू केला आणि जाहीर केलं, "एंजिनच आहे. नुसतं तेल लागत नाही." तेव्हापासून आजूबाजूच्या गल्ल्यांत कुणाचा कॉम्प्युटर रुसला की काकांना बोलावणं जायचं. जिथे जायचं नाही, तिथे काका आपणहून जायचे. नम्रता हा भाग त्यांच्यात कंपनीनेच बसवला नव्हता.

आमचा कॉम्प्युटर सकाळपासून एकच नाटक करत होता. बटण दाबलं की दिवा लागायचा, पोटात गुरगुरायचं, पडदा उजळतोय असं वाटायचं आणि लगेच डोळे मिटून गार. तसं आमच्या घरात बंद पडलेल्या वस्तूंचं फारसं सुतक पाळत नाहीत. पण त्या पेटीत माझ्या बायकोचं पुस्तक होतं.

बायको शाळेत भूमिती शिकवते. त्रिकोण दिसला की ज्या मुलांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी ती कितीतरी वर्षं एक पुस्तक लिहीत होती. प्रत्येक आकृती तिने स्वतः काढलेली, प्रत्येक उदाहरण वर्गात करून पाहिलेलं. मोठ्या मिनतवारीने एक प्रकाशक राजी झाला होता. सोमवारी फाइल हातात द्यायची, नाहीतर "मग पुढं बघू", असं तो म्हणाला होता. प्रकाशक "बघू" म्हणाला की त्याचा अर्थ काय, हे ज्यांनी सोसलंय त्यांनाच ठाऊक. तो रविवार होता. दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. कॉपी हा प्रकारच मास्तरीण बाईंना मंजूर नाही. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने फोनवरच निकाल दिला होता: "आणून टाका, सगळं पुसून नवं भरून देतो. आतलं मात्र जाईल." ते ऐकून बायको पलंगाच्या कडेवर बसली, ती काका येईपर्यंत उठली नव्हती.

काकांनी आधी भिंतीतला प्लग काढून दुसरीकडे लावला. "साहेब, लिहून ठेवा. हेच असतं." ते नव्हतं. मग पेटीचं एका बाजूचं झाकण काढून त्यांनी आतली मेमरीची पट्टी उपसली, बायकोच्या पेन्सिलीमागच्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले आणि पुन्हा खोचली. "आता बघा कशी बोलते." ती बोलली नाही. दिवा, गुरगुर, गार.

काका खुर्चीत मागे रेलले. खुर्ची कळवळली.

"चुकलं. डेपोचा नियम मोडला मी. गाडी खोलायच्या आधी ड्रायव्हर-कंडक्टरच्या जबान्या घ्यायच्या. एकेकट्याच्या. चला, पहिले तुम्ही."

"मी काहीच केलं नाही," मी म्हणालो.

"हे प्रत्येक ड्रायव्हर म्हणतो. पुढं?"

"दोन चापट्या मारल्या."

"कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"हं," काका म्हणाले. त्या हाताचं त्यांनी काय केलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

बायकोने सांगितलं की काल रात्रीपर्यंत सगळं ठीक होतं, फक्त आठवडाभर पेटी जरा तापायची. एवढं बोलून ती चहा टाकायला आत गेली. मग राहिली आई.

आईबद्दल आधी सांगायला हवं. आमच्या आईला उघडी वस्तू बघवत नाही. टीव्हीला लोकरीचं विणलेलं पांघरूण, मिक्सरला पांघरूण, टेलिफोनला झालर लावलेलं पांघरूण. मी फार वेळ एका जागी बसलो की मलाच धास्ती वाटते.

"मावशी, तुम्ही काही केलंत?"

"मी कशाला हात लावू त्याला?" आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली. "रात्री नुसतं पांघरूण घालते. कधी दिवसापण. थंडी असली तर." मग हळूच विचारलं, "त्यानं काही झालं असेल का हो?"

  काकांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक पेटीच्या पत्र्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला बटण दाबायची खूण केली. बसचं एंजिन असंच ऐकतात म्हणे. दिवा, गुरगुर, गार.

"धाप लागतेय," ते पुटपुटले. "पंखा फिरत नाहीये. डोकं तापतं, म्हणून जीव वाचवायला स्वतःच झोपतं बिचारं."

त्यांनी आतला छोटा पंखा सोडवला. सुपाएवढ्या पंजाची ती बोटं अशी हलली की जणू कुणाच्या डोळ्यातलं कुसळ काढतायत. पंख्याच्या दांड्याला निळी लोकर वेटोळं घालून बसली होती. पांघरुणाचे गोंडे निळे होते. मी पाहिलं. आईने पाहिलं. आणि त्याच क्षणी चहाचे कप घेऊन बायको दारात आली.

"काय निघालं?"

काकांची मूठ मिटली आणि खिशात गेली.

"धूळ," काका म्हणाले. "वय झालंय मशीनचं. तुमच्या घरी चांगलंच सांभाळलंय, म्हणून एवढी टिकली."

मग त्यांनी पंखा बसवला आणि बटण बायकोला दाबायला लावलं. पंखा फिरला. पडदा उजळला, उजळलेलाच राहिला. बायकोने एक फाइल उघडली; एक वर्तुळ आणि त्याला हलकेच टेकलेली एक रेषा. ती तशीच बघत उभी राहिली, कप हातात कलता.

"बाई, रडायचं नंतर," काका गरजले. "गाडी चालू झाली की आधी प्रवासी उतरवायचे. मग बाकीचं." दोन्ही पेन ड्राइव्हवर पुस्तक उतरलं, एक प्रत प्रकाशकाला गेली, तोवर त्यांनी चहाला हात लावला नाही. नंतर मात्र तिघांचा चहा प्यायले.

जाताना ते आईपाशी वाकले. "मावशी, त्याला उकडतं हो."

"कळलं," आई म्हणाली. तिचा आवाज ओला होता. काकांचं कुजबुजणं रस्त्यापर्यंत गेलं असणार, पण बायको प्रकाशकाशी फोनवर बोलत होती. तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल तर तिने तसं दाखवलं नाही.

माझ्यावर पुष्कळांचे उपकार आहेत. पोहायला शिकवणाऱ्या मामापासून ते मला पास करणाऱ्या परीक्षकापर्यंत. पण काकांच्या त्या मिटलेल्या मुठीचा हिशेब मला कुठे मांडावा तेच कळत नाही. तो धागा बाहेर दिसला असता तरी पुस्तक वाचलंच असतं. पण मग तो पुढे प्रत्येक खडाजंगीत निघाला असता, आणि आमच्या घरातल्या भांडणांची स्मरणशक्ती फार दांडगी आहे. काकांना आमच्या घरात येऊन जेमतेम तास झाला होता. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणाऱ्या माणसाला नेमकं काय बोलायचं नाही, ते तेवढ्यात समजलं. मी त्या घरात जन्मलोय, मला अजून जमत नाही.

बायकोने पुस्तकाच्या सुरुवातीला आभाराचं पान लिहिलं. अख्खं पान, आणि त्यात फक्त काका. ते वाचून दाखवल्यावर काका म्हणाले, "छान. डेपोचंही नाव टाका. आणि स्क्रूड्रायव्हरचं." दोन्ही टाकलं. काकांनी जुन्या डेपोत जाऊन सगळ्यांना बातमी दिली, आणि पुस्तक कधी येणार म्हणून रोज फोन करू लागले.

पुस्तक वेळेवर आलं. आभाराचं पान त्यात नव्हतं. प्रकाशक म्हणाले, एक पान जास्त होत होतं.