'सुप्रसिद्ध'ची जागा

आमचा दादा दुकानांच्या पाट्या रंगवतो. तसे रंगवणारे पुष्कळ असतील, पण त्याच्याइतका हट्टी माणूस त्या धंद्यात दुसरा नसावा. दुकान उघडायच्या आधीच मालक येऊन सांगतो, "नावाआधी 'सुप्रसिद्ध' टाका." दादा विचारतो, "कुणात?" अजून शटरचा रंग वाळलेला नाही, गल्लीतल्या कुत्र्यानंही आत डोकावलेलं नाही, आणि म्हणे सुप्रसिद्ध! मग दादा नुसतं नाव लिहितो आणि त्याच्याआधी एका शब्दाची जागा कोरी सोडतो. "लोक आपणहून तुमचं नाव सांगायला लागले की बोलवा. तेव्हा फुकट लिहून देईन."

निम्मे मालक तिथूनच तडक बॅनरवाल्याकडे जातात. त्याला कशाचंच वावडं नाही. 'सुप्रसिद्ध' शिळं झालं तेव्हा त्यानं 'लोकप्रिय' काढलं, मग 'नंबर वन', मग 'ट्रेंडिंग'. आमच्या रस्त्यावर तर चाव्या बनवणारासुद्धा 'व्हायरल' आहे.

मी कपडे दुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हा वाटलं, सख्ख्या बहिणीला तरी सूट मिळेल. कसली सूट आणि कसलं काय! माझ्याही पाटीवर डावीकडे हातभर जागा कोरी.

"दादा, लोक म्हणतील रंग संपला."

"म्हणू देत. तुझा शब्द तिथं राखून ठेवलाय. तू कमव, मी लिहितो."

अस्सा संताप आला होता! पण खरं सांगायचं तर ती जागा मला रोज डिवचायची. एकदा शिवलेलं पुन्हा उसवू नये म्हणून मी दुहेरी टाके घालू लागले. कोटाचं अस्तर बदललं तर जुन्या टाक्यांची भोकंसुद्धा कुणाला दिसू दिली नाहीत. काही वर्षांनी लांबलांबची माणसं विचारत यायला लागली, "त्या कोऱ्या पाटीवाल्या बाई कुठं बसतात हो?"

आणि तिथंच घात झाला. बॅनरवाल्याच्या कानावर ते गेलं. पुढच्याच नव्या केशकर्तनालयाच्या बॅनरवर नावाआधी कोरी जागा! मग चष्म्याच्या दुकानावर, मग दोन दवाखान्यांवर. पेव फुटलं नुसतं. एका शहाण्यानं तर कोऱ्या जागेभोवती सोनेरी चौकट छापून घेतली. ज्यांना कालपर्यंत एक शब्द सोडवत नव्हता, ते आता कोरेपणा मिरवत होते. दादा रस्त्यानं मान खाली घालून जायला लागला.

एका सकाळी तो शिडी आणि रंगाचा डबा घेऊन दारात हजर. "चल, तुझा शब्द लिहून टाकतो. कमावलास तू." मी पुढं होऊन शिडी धरली. त्यानं खडूनं अक्षरं आखली, कुंचला बुडवला, आणि तेवढ्यात पँट आखूड करून घ्यायला आलेल्या बाई वर बघून हसल्या.

"अगंबाई, त्या केशकर्तनालयाचं बघून तुम्हीपण तीच फॅशन केली होती होय? बदलताय ते बरं करताय. फार झालं आता ते."

माझं डोकंच फिरलं. "बाई, ती पँट उचला आणि निघा," म्हटलं.

"जाऊ दे गं," दादा म्हणाला. तो खाली उतरला आणि पायरीवर बसला. "आता लिहिलं तर म्हणतील टूम बदलली. कोरं ठेवलं तर म्हणतील टूम धरली." मग पुन्हा चढून त्यानं खडूची अक्षरं पुसली आणि पाटी उतरवून घरी नेली.

परत आणली तेव्हा माझं नाव बरोबर मधोमध होतं, दोन्ही बाजूंना सारखी जागा. शेजारी म्हणाले, आता कशी नीटस दिसते. नीटस! इतकी वर्षं डोळे फोडून मी जो शब्द कमावला, तो मला द्यायला एकच माणूस होता, आणि त्याला तो लिहिता आला नाही. बॅनरवाला मात्र तोच शब्द येईल त्याला छापून देतो, अगदी आजही.