दारापर्यंतची वाट

सिंगापूरच्या बिशान भागातल्या सरलाताईंचं काम सांगितलं तर तुम्ही म्हणाल, थट्टा करताय. विद्यापीठातल्या एका प्रोफेसरांना त्या तीनशे वर्षांपूर्वीची मृत्युपत्रं टाइप करून द्यायच्या. तीही अमेरिकेतल्या कुठल्याशा वसाहतीतली, गोऱ्या शेतकऱ्यांची. अक्षर म्हणजे शाईत बुडालेल्या मुंग्या कागदावर फिरलेल्या! पण बाईंनी युक्ती काढली होती. कागद खालून वर वाचायचा. तळाशी साक्षीदार, ते आसपासचेच शेजारी. नावं तीच तीच, त्यावरून अक्षर उमगायचं.

दुपारी जेवताना त्यातल्या गमती नवऱ्याला, गणपतरावांना, सांगायच्या. समोरच्या ब्लॉकमधली विमल, तीस वर्षांची मैत्रीण, बहुधा पानावर असायचीच. एकदा असा एक शेतकरी निघाला की घरदार सगळं मुलाला. आणि बायकोला? मागची खोली, चूल वापरायची मुभा आणि दारापर्यंत जाण्यायेण्याची वाट. तीही 'ती माझी विधवा म्हणून राहील तोवर'. सरलाताईंना हसून ठसका लागला. विमल म्हणाली, मेल्याने वाटसुद्धा मोजून दिली. गणपतराव आमटी ओरपत म्हणाले, "माणूस व्यवस्थित होता."

मग गणपतराव गेले. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाने, रुचिरने, मान खाली घालून त्यांचं मृत्युपत्र आईपुढे ठेवलं. फ्लॅट गणपतरावांच्या एकट्याच्या नावावर. सरलाताई कागदोपत्री नुसत्या राहणाऱ्या. सवयीने त्यांनी खालून सुरुवात केली. पहिली साक्षीदार, विमल. तारीख सहा वर्षांपूर्वीची. सहा वर्षं ही बाई आपल्या हातचा चहा पिऊन गेली! मग नजर वर गेली. फ्लॅट रुचिरला. पत्नीस मागची खोली, स्वयंपाकघर वापरायची मुभा, दारापर्यंत जाण्यायेण्याची वाट, ती माझी विधवा म्हणून राहील तोवर. त्यांनीच जेवताना वाढलेला किस्सा, नवऱ्याने चुलीचं तेवढं स्वयंपाकघर केलं होतं.

"आई, नथिंग विल चेंज लाह," रुचिर म्हणाला.

तोआ पायोहच्या वकिलाने सांगितलं, पोटापुरतं मागता येईल, घराचं विसरा. तीनशे वर्षांपूर्वीच्या काही विधवांनी कोर्टात उभं राहून असले कागद नाकारून आपला वाटा घेतला होता. ते टाइप करताना सरलाताईंना भारी वाटलं होतं. इथे तीही सोय नाही.

मृत्युपत्र पाहिल्याच्या चौथ्या दिवशी विमल डबा घेऊन आली. रुचिरने दार उघडलं. सरलाताई मागच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. विमल आत जाऊन डबा तिथल्या टेबलावर ठेवत पुटपुटली, "दाजींनी शप्पथ घातली होती गं."

"पाळलीस की."

चहाची वेळ होती, पण बाई उठल्या नाहीत. विमल बसायला जागा शोधू लागली.

"वाट मला एकटीला दिलीय, विमल. माझ्याकडे येणाऱ्यांना नाही. तुझीच सही आहे त्यावर."

मग मात्र त्या उठल्या, आणि डबा तसाच उचलून तिच्या हातात दिला.