बोरिवलीची हुडहुडी

निफाडहून एसटीने निघालो तेव्हा द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या होत्या. कडाक्याने मणी तडकू नयेत म्हणून. बोरिवलीला उतरलो तर भर जानेवारीत पावसाची भुरभुर, आणि अख्खं उपनगर हिमालयाच्या मोहिमेवर निघालेलं. भाजीवालीच्या पायांत मोजे, रिक्षावाल्याच्या गळ्यात मफलर. मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होतो.

"गावाहून आलात वाटतं? सांभाळा हां," रिक्षावाला काळजीने म्हणाला. "इथं जाम थंडी पडलीय."

प्रयत्न करतो म्हणालो.

ताईच्या घरी दाजी दारातच भेटले: कानटोपी, स्वेटर, वर शाल. संध्याकाळी शेजारच्या नव्या रंगीत टीव्हीवर पारा सतरावर उतरल्याचं सांगितलं, तेव्हा कुणी गेल्याची बातमी यावी तशी शांतता पसरली. दाजींनी मला समजावलं, की बोरिवलीची थंडी जंगलाकाठची. मुंबईकरांना (म्हणजे अंधेरीच्या पलीकडच्यांना) तिची कल्पना यायची नाही. सतरा अंशांत आमच्याकडे लोक अंगणात आंघोळ करतात, असं मी त्यांना सांगितलं. झोपेपर्यंत तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मला जुहूचा समुद्र पाहायचा होता. दाजींचं अंग मोडून आलं होतं, पण मेव्हण्याला नाही कसं म्हणणार? निघताना मी त्यांचा स्वेटर आणि शाल दोन्ही काढून घेतली. निफाडचे जावई आहात, म्हटलं, लोक काय म्हणतील. ते कसंनुसं हसले आणि निघाले.

दोन बस बदलून जुहूला पोचलो. समुद्र पातळ चहाच्या रंगाचा, वर सरीवर सरी. आडोशाला उभे राहून आम्ही रगडा पॅटिस घेतलं. दाजींच्या हातातली बशी थरथरू लागली, रगडा शर्टावर सांडला. मी पोट धरून हसलो. परतताना बसमध्ये त्यांचे दात वाजत होते, तर शेजारच्या प्रवाशाला मी तेही कौतुकाने दाखवलं.

इमारतीच्या पहिल्याच जिन्यावर दाजी खाली बसले, ते उठेनात. समोरच्या परबआजी, मूळच्या मालवणच्या, बाहेर आल्या. त्यांनी दाजींच्या मानेला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही थंडी भायली (बाहेरची) नाय रे झिला (मुला). आंगातली आसा."

ताप एकशे चार निघाला. डॉक्टर म्हणाले, मलेरिया. तीन पांघरुणं घातली तरी खाट हलत होती. मी खाटेचा पाय धरून बसलो. उपयोग काही नव्हता, पण दुसरं काय धरणार? ताई ओल्या पट्ट्या बदलत राहिली. मला एका शब्दाने बोलली नाही, आणि ते फार लागलं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. दाजींनी पेज मागितली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच हात वर केला.

"जाऊ दे रे. खरं सांगू? मलाही ती बोरिवलीचीच वाटली."

मास्तरकीतून काढलेली माझी आठवड्याची रजा पंधरा दिवसांवर गेली. दाजी जिना चढून-उतरून दाखवू लागले, तेव्हाच मी एसटीत बसलो.

शाळेत हेडमास्तरांनी डोळे मिचकावत विचारलं, मुंबईला थंडी-बिंडी होती का?

"होती," मी म्हणालो. "मला ओळखता आली नाही."

ते खो खो हसले. निफाडचेच ना तेही.