देवरामची बारावी कावड

नाशिकहून सप्तशृंगीचा गड चाळीस मैलांच्या आत-बाहेर. मोकळ्या हातानं चालणारा दोन दिवसांत पोचतो. खांद्यावर कावड असली की तीन लागतात, कारण कावड भुईला टेकवायची नसते. दोन घागरी गोदेचं पाणी, बांबू धरून अर्ध्या मणाच्या वर ओझं. खांदा पालटायचा तो चालता चालता. भाकरी खायची तर कावड झाडाच्या फांदीला टांगायची, नाहीतर सोबत्याच्या खांद्यावर द्यायची. एकदा टेकली की ते पाणी चालत नाही. परत रामकुंडावर जायचं आणि पहिल्यापासून सुरुवात.

देवरामनं हे अकरा वर्षं केलं. एरवी तो सडकेवर खडी फोडायचा. त्याच्या ढिगाला मुकादम टेप लावत नसे, नुसता बघून पुढं जाई. बोलला तेवढं करायचं, त्यात सूट मागायची नाही, अशी त्याची रीत.

बोलला होता तो मुलीसाठी. कुसा पाच वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. डावा पाय काटकीसारखा. देवराम देवीला म्हणाला, पोर चालली तर बारा वर्षं कोजागिरीला कावड आणीन. त्याच साली कुसा भिंतीला धरून उभी राहिली. पुढं डावा पाय फेकत फेकत का होईना, चालू लागली. सातव्या कावडीला, सन बत्तीस साली, ती बापाबरोबर गेली. परत आल्यावर आठव्या दिवशी तापानं पडली आणि तिसऱ्या आठवड्यात गेली. वैद्यांनी दोष पाण्याला दिला.

लोक म्हणाले, आता नवस कसला? देवराम म्हणाला, "ती चालली ना? मग मलाबी चाललं पायजे."

मैना, त्याची बायको, दर वर्षी भाकरी बांधून द्यायची आणि आत जायची. बाराव्या वर्षी मात्र भाकरी बांधल्यावर तिनं आपलंही लुगडं गाठोड्यात घातलं.

"मी येते," ती म्हणाली. "कुसा कुठनं कुठनं गेली ते दावा मला."

देवरामनं मान हलवली. त्या वाटेवरची एक जागा त्यानं पाच वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. बारावं पाणी देवीवर पडायच्या आत ती मैनेला सांगायची, असं त्यानं रामकुंडावर घागरी भरताना ठरवलं. हे पोटात ठेवून पाणी घातलं तर बारा वर्षांचं चालणं खोटं, असं त्याला वाटत होतं.

कावडवाल्यांचं सामान पुंजाच्या बैलगाडीत असे. पुंजा मखमलाबादचा, देवरामचा जुना दोस्त. मैनेला पाहून त्यानं बैलांना हाळी दिली.

"वयनी, इतकी वर्सं बोलावलं तवा आल्या नाय. आता आमचा देवा सुटायच्या टायमाला राखण करायला निघाल्या व्हय?"

"राखण तुमच्या बैलांची करते," मैना म्हणाली. "धन्यापरीस तेच शहाणे दिसत्यात."

"ते खरं हाय. ते बोलत नाय ना."

पहिला दिवस सोपा गेला. मैना देवरामच्या मागं चार पावलांवर. मधून मधून विचारायची, "इथं काय केलं तिनं?" देवराम सांगायचा. या मैलाच्या दगडावर बसली. या विहिरीवर पाणी प्याली, पदर भिजवला. म्हसरूळपर्यंत चालली, मग ठरल्याप्रमाणं गाडीत बसली. यातलं सगळं खरं होतं. मैना त्या त्या ठिकाणी थांबायची, दगडाला हात लावायची आणि पुन्हा मागं यायची. संध्याकाळी दिंडोरीला मुक्काम पडला.

दुसऱ्या दिवशी वणी गाठायची. बारा मैल, आणि खांदा आदल्या दिवशीचा सोललेला. हाच कठीण दिवस. कादवा नदी ओलांडली की सडक चढाला लागते. चढ मोठा नाही, पण लांब आहे. ओझं मागं ओढतं. तिथं डाव्या हाताला एक बाभूळ आहे. देवरामला ती दुरूनच दिसली. त्यानं खांदा पालटला. दोनशे पावलांनी पुन्हा पालटला.

"आन इथं?" मैनेनं विचारलं.

बाभळीची एक फांदी सडकेवर आलेली होती, माणसाच्या हाताच्या उंचीला.

"इथं काय नाय," देवराम म्हणाला. "इथं ती गाडीत व्हती."

वणीपर्यंत मैनेनं पुन्हा काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी गड. तिथल्या पायऱ्या एका मापाच्या नाहीत; काही वीतभर, काही गुडघाभर. कावड घेऊन चढताना पुढची घागर पायरीवर आपटू नये म्हणून बांबू आडवा धरून तिरकं चढावं लागतं. देवराम दर वर्षी पाच ठिकाणी दम घ्यायचा. यंदा नऊ ठिकाणी घेतला. प्रत्येक ठिकाणी मैना शेजारी उभी राहिली. प्रत्येक ठिकाणी सांगता आलं असतं. तो तोंड उघडायचा आणि श्वास घेऊन मिटायचा.

वर पोचल्यावर पुजाऱ्यानं घागरी घेतल्या. देवीवर पाणी पडलं आणि दगडावरून वाहून गेलं. चाळीस मैल आणलेलं पाणी मनात दहा आकडे मोजायच्या आत संपलं. पुजाऱ्यानं रिकाम्या घागरी परत दिल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

देवराम बाहेर आला. गाडी पायथ्याला सोडून पुंजाही दर्शनाला वर आला होता. त्यानं रिकामी कावड आपल्याकडं घेतली आणि देवरामच्या कपाळाला देवीचं कुंकू लावलं. "सुटलास, देवा. आता निजून राहा कोजागिरीला."

देवराम हसला नाही. पहिल्या चार पायऱ्या उतरताना त्याचा तोल गेला. खांद्यावर काही नव्हतं, पण अंग ओझ्याचा तोल सांभाळायला एका अंगाला झुकतच होतं. तो पायरीवर बसला. पुढच्या वर्षी यायचं नाही, हे त्याला तिथं कळलं. पाच वर्षं पोर त्याला याच वाटेवर भेटत होती. घरात ती नव्हती.

मैना येऊन शेजारी बसली.

"ती गाडीत नव्हती," देवराम म्हणाला.

मैनेनं त्याच्याकडं मान वळवली.

"दिंडोरीत उठली तवा म्हणाली, थोडं चालते. लोक बघत व्हते. म्हणत व्हते, हीच का ती पोर? मला लय बरं वाटलं. पुंजाला म्हनलं, तू हो पुढं, ती चालते. गाडी वणीला गेली. सगळे बारा मैल चालवली तिला."

"ते मला ठाऊक हाय," मैना म्हणाली. "तिला शेवटची आंघोळ मीच घातली. तळपायाची सालटी तवाबी भरली नव्हती. पाच वर्सं वाट बघतेय, तुम्ही कवा सांगता."

देवरामनं तिच्याकडं पाहिलं. इथं थांबता आलं असतं. पण ढीग अर्धा टाकून उठायची त्याला सवय नव्हती.

"कादव्याच्या चढाला ती म्हणाली, बाबा, मला घ्या. एकदाच म्हणाली. मी म्हनलं, खांद्यावर कावड हाय, कशी घेऊ? भुईला टेकवता येत नाय."

"मग?"

"तिथं बाभूळ हाय. फांदी खाली आलीये. कावड टांगता आली असती. तिला घेऊन सावलीत बसलो असतो, कोणाची तरी गाडी मिळाली असती. दिवस कलला व्हता, वणी गाठायची व्हती. मी फांदी बघितली आन पुढं गेलो. ती मागनं आली."

वरून दुसऱ्या कावडवाल्यांचा जयजयकार ऐकू येत होता. मैनेनं डोळ्याला पदर लावला नाही.

"झाडाचं ठाऊक नव्हतं मला," ती म्हणाली.

पायथ्याला पुंजानं गाडी जुंपली. रिकाम्या घागरी आत ठेवल्या. देवराम सवयीनं सडकेला लागला. मैनेनं त्याच्या दंडाला धरून त्याला थांबवलं.

"तुम्ही गाडीत बसा."

"आन तू?"

"मी चालत येते. एकटी."

"लय लांब हाय, मैने. तुला सवय नाय."

"तिला व्हती?"

देवराम गाडीत बसला. खडी फोडणारा, बारा कावडी पायी नेलेला माणूस, पोत्यावर पाय लोंबकळत सोडून बसला. पुंजानं दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि एकदाही थट्टा केली नाही.

वणी मागं पडल्यावर देवराम म्हणाला, "पुंजा, बैल हळू घे. ती दिसली पायजे."

पुंजानं कासरा ओढला. मैनेनं दुरून पाहिलं की गाडी मंदावली. ती सडकेच्या कडेला उभी राहिली. गाडी पुन्हा वेग घेऊन पुढं जाईपर्यंत ती जागची हलली नाही.