‘कायम’मधला ‘म’

आमच्या लालबागच्या चाळीत माणसं दोनच प्रकारची होती, कायम आणि बदली. कायम म्हणजे गिरणीच्या मस्टरवर पक्कं नाव असलेला. बदली म्हणजे रोज गिरणीच्या दारावर उभा राहणारा. कोणी गैरहजर असेल तर त्या पाळीपुरता आत, नाहीतर घरी. माझे बाबा साचाखात्यात, म्हणजे मागांवर, कित्येक वर्षं बदलीवर होते. संपाच्या जरा आधी जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, त्यांना सांगितलं, तुझं कायमचं झालं, कागद मागाहून मिळेल. आईने चाळभर पेढे वाटले. कागद काही आला नाही, संप आला.

संप लांबला तसे बदलीवाले भिवंडीला गेले, पॉवरलूमवर. मामाने बाबांसाठीही तिथे काम बघून ठेवलं होतं. बाबा गेले नाहीत. बदल्यांनी खुशाल जावं, कायम माणसाची जागा राखलेली असते, म्हणाले. त्यांची जागा कोणीही राखली नाही. आईने खानावळ चालवून आम्हाला वाढवलं, आणि मी त्या एका शब्दावर खार खात मोठा झालो.

पुढे मी प्रोग्रामर झालो. लोअर परळला, एका पाडलेल्या गिरणीच्या आवारात उठलेल्या काचेच्या इमारतीत नोकरी लागली. मी नेमका कुठे बसतो हे बाबांनी खोदून खोदून विचारलं आणि ‘म्हणजे घडीखात्यात’ असा निकाल दिला. गिरणी होती तेव्हा तिथे कापडाच्या घड्या घालत.

आमच्या कंपनीने एका टेक्स्ट एडिटरला मराठी याद्या लावायची सोय जोडून तो विकला होता. घरांसाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांच्या याद्या जिथे व्हायच्या, त्या कचेरीत तो वापरत. तिथले जुने संगणक एका सिस्टिमवर चालायचे, नवे दुसऱ्या. जुन्यांवर यादी बरोबर निघायची. नव्यांवर प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर गायब.

ओळीत सर्वांत शेवटी कामगाराचा प्रकार असायचा. ‘कायम’चा म गेला की उरतं ‘काय’. ‘बदली’ची वेलांटी संगणक वेगळं अक्षर धरतो, ती गेली की ‘बदल’. तिकीट नंबर, नाव, साचाखातं, काय. तिकीट नंबर, नाव, साचाखातं, काय. अशी पानंच्या पानं. ऑफिसात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या साहेबांनी, पुण्याचे होते, विचारलं की एवढ्या लोकांच्या बदल्या झाल्या तरी कुठे. मीही हसलो, आणि मग माझीच मला शरम वाटली. ज्या ओळींचा प्रकार जुळत नव्हता त्या सगळ्या त्रुटींच्या यादीत पडत होत्या, आणि त्या ओळींतली माणसं आमच्या चाळीत राहत होती.

कारण साधं होतं. जुन्या सिस्टिमवर ओळ संपली की दोन न दिसणाऱ्या खुणा असतात, नव्या सिस्टिमवर एकच. आमचा कोड डोळे मिटून दोन कापायचा. दुसरी खूण नसली की अक्षरावरच सुरी. मूळ कोड हाताशी असता तर जेवणाच्या सुट्टीआधी काम आटोपलं असतं. पण तो लिहिणारा गृहस्थ परदेशी गेला होता आणि त्याचा संगणक पुसून कोणीतरी दुसऱ्याला दिला होता. उरली होती फक्त कंपाइल झालेली फाइल, म्हणजे एडिटरला कळणारे आणि माणसाला न कळणारे नुसते आकडे.

साहेब म्हणाले, दोनच्या जागी एक घाल. मग जुन्या संगणकांचं काय, हे त्यांना दोनदा समजवावं लागलं. आधी खुणा तपासायच्या आणि मग कापायचं, एवढंच हवं होतं. पण त्या फाइलीत एक आकडा जरी वाढला तरी पुढचं सगळं सरकायचं. कितीतरी दिवस आकडे वाचल्यावर मला त्यात कधीच न दिसणारा एक लांबलचक एररचा संदेश सापडला. तो पुसून त्याच्या जागेत मी खुणा तपासणारा माझा कोड बसवला. दोन्ही सिस्टिमवर चालला.

घरी बाबांना एवढंच कळलं होतं की यादी माझ्या हातात आहे. घर मिळो न मिळो, माझ्या नावापुढे कायम छापून येऊ दे, असं ते रोज जेवताना म्हणायचे.

दुरुस्ती झाल्यावर मी यादीत त्यांचा गिरणीतला तिकीट नंबर शोधला. इतके दिवस ती ओळ बघायची टाळली होती, हे तेव्हा लक्षात आलं. ‘बदली’. जुन्या संगणकावर पाहिलं, तिथेही बदली. माहिती गिरणीच्याच मस्टरवरून आलेली होती. जॉबरने थाप मारली होती.

एडिटरमध्ये एक शब्द बदलायला कितीसा वेळ लागतो? मी बदलला नाही. प्रामाणिकपणा वगैरे काही नाही. मला तो शब्द बाबांना दाखवायचा होता. ज्याच्या जोरावर भिवंडी नाकारली आणि आईला चुलीपुढे बसवलं, ते कधी नव्हतंच, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी वाचावं असं मला वाटत होतं.

रविवारी सकाळी ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट फिरवलं आणि शेवटच्या शब्दावर बराच वेळ ठेवलं. भिवंडीचं वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं.

“चूक अजून रवली हा रे तुझी,” ते म्हणाले. “मी कायम होतंय.”

आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून. तिला हे फार आधीपासून ठाऊक असणार.

“हो बाबा, राहिली आहे,” मी म्हणालो. “बघतो.”

त्यानंतर ते चाळीत सगळ्यांना सांगत राहिले की पोरगा शिकलाय खरा, पण यादीतली चूक काही त्याला काढता आली नाही. लोक माझी कीव करायचे. त्या दुरुस्तीइतकं चोख काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. बाबांच्या तेराव्याला त्यांच्या खात्यातला एक म्हातारा साचेवाला आला होता. निघताना त्याने माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, ती चूक शेवटी सापडली का रे.

मी नाही म्हणालो.