नवरात्रातलं माझं बंड

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! या नवरात्रात भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी जी माती खाल्ली ना, ऐकाल तर चहा नाकातून बाहेर येईल.

झालं असं, मी एक कादंबरी वाचत होते. भविष्यातली. त्यात कुणी काय घालायचं, कधी हसायचं, सगळं सरकार ठरवतं. स्वतःचं असं कुणाकडे काही उरलेलंच नाही! वाचून टाळकंच फिरलं माझं. आणि नेमका तेव्हाच बायकांच्या ग्रुपवर मेसेज: 'उद्याचा रंग पिवळा. संध्याकाळी खाली फोटो. सगळ्यांनी पिवळंच घालायचं!'

पिवळंच? म्हटलं, हीच ती हुकूमशाही!

दुसऱ्या दिवशी मुद्दाम जांभळा ड्रेस घालून उतरले. खाली सगळ्या पिवळ्याधमक. शेजारची सुनीता ओरडली, "अगं, हे काय?"

"मी मेंढरू नाहीये!" झालं, सुटलेच मी. "कुणीतरी रंग ठरवतं नि आपण मुकाट घालतो? लाज वाटायला हवी यार!"

बोलताना जरा मागे बघायला काय जात होतं माझं? मागे जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणी काकू उभ्या होत्या. काका गेल्यापासून फिकट साडीशिवाय काही नेसल्या नव्हत्या. आज पहिल्यांदा पिवळी नेसून खाली आलेल्या.

"खरा आसा गो बाय तुजा," त्या हळूच म्हणाल्या. "ह्या वयात माका कित्याक व्हयो रंग?" आणि वर निघून गेल्या.

"किती हातापाया पडून तयार केलं होतं त्यांना!" सुनीता म्हणाली. "लावलीस ना वाट?"

धावत वर गेले. दार बंद.

"काकू, तुम्हाला नव्हते बोलले! त्या पुस्तकातल्या सरकारला बोलले!"

"खयच्या सरकाराक?" आतून आवाज.

मग काय, बंद दाराला अख्खी कादंबरी सांगितली. समोरचे आजोबा खुर्ची घेऊन ऐकायला बसले! शेवटी रडकुंडीला येऊन म्हटलं, "काकू, तुम्हाला आवडेल तो रंग नेसा, पण खाली या ना. मीसुद्धा पिवळं घालते, शप्पथ!"

"बरा. तू हो फुडे."

माझ्याकडे पिवळं औषधालाही नाही. सुनीताचा ढगळ कुर्ता अंगात अडकवला आणि गुपचूप रांगेत जाऊन उभी राहिले.

आणि काकू आल्या. लालभडक साडी, केसांत अबोली!

"पिवळो माका कधीच आवडूक नाय," त्या म्हणाल्या. "सुनीतान हट्ट केल्यान म्हणान नेसललंय. ह्यो माझो रंग!"

बायकांनी शिट्ट्या मारल्या, त्यांना ओढून मधोमध उभं केलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! डोळे भरून आले माझे.

घरी येऊन मोठ्या कौतुकानं नवऱ्याला फोटो दाखवला. त्यानं चष्मा लावला, फोटो मोठा केला, इकडून तिकडे सरकवला.

"काकू एकदम झकास!" तो म्हणाला. "पण यातली तू कुठली गं?"