डाव्या बुटाची गाठ

सामना सुरू होण्याआधी वैशूताई आमच्या पायाशी बसायची. चारकोपच्या आमच्या कबड्डी संघाची ती कॅप्टन. पण प्रत्येकीच्या डाव्या बुटाची लेस सोडून स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधायची. मातीवर अनवाणी खेळायचो तेव्हा ती आमच्या गुडघ्यांना चिमूटभर माती लावायची. मॅट आली, बूट आले, आणि तिने लेस धरली.

"ताई, घट्ट आहे ती," मी म्हणायचे.

"गप गं. मी बांधली की सुटत नाही."

तिच्या आईला हे मुळीच पटत नसे. "आपल्या घरात ताईत नाही, अंगारा नाही, आणि ही बया बुटांची पूजा करते!"

"आई, तू एकदा चढाईला जा ना. मग बोल."

मला चढाईची जाम भीती वाटायची. समोर सात जणी टपलेल्या, आपण एकट्या. ताई मात्र कशालाच घाबरत नाही, असं मी धरून चालले होते. एकदा सहज खाली पाहिलं, तर तिची बोटं थरथरत होती. गाठ आवळली तशी थांबली. मला धडकीच भरली. हीच घाबरते, तर आमचं काय?

मुलुंडच्या सामन्यात पंचांनी घाई केली आणि माझी तेवढी लेस राहिली. त्याच सामन्यात ताईची पकड झाली, तिघी अंगावर कोसळल्या. तिच्या गुडघ्याचा आवाज मी ऐकला. माझी गाठ राहिली म्हणूनच हे झालं, हा विचार डोक्यातून जाईना. मूर्खपणा आहे हे कळत होतं, तरीही.

ऑपरेशनच्या दिवशी ती पलंगावर टेकून बसली होती. "परत खेळता नाही आलं तर गं?" हात चादरीवर थरथरत होते. मी डावा पाय उचलून सरळ पलंगावर ठेवला.

"त्या दिवशीची राहिलीय."

"ओ मॅडम, बेडवर बूट?" आया ओरडली.

"मावशी, एक मिनिट," म्हणत ताईने गाठ आवळली. मग तिला आत नेलं.

शुद्धीवर आल्यावर तिने गुडघ्याचं विचारलं नाही. जड जिभेने म्हणाली, "सुटली का गं?" मी पाय वर करून दाखवला.

ताई पुन्हा खेळली नाही. आता सामन्याआधी मीच खाली बसते. "ताई, घट्ट आहे ती," नव्या मुली म्हणतात. बोटांची थरथर थांबेपर्यंत मी मान वर करत नाही.